पर्लची सक्ती, मोडीची सक्ती : एका रुमालाची गोष्ट

मंडळी, या मालिकेत आजवर आपण किल्ले, तह, नाणी आणि बखरी पाहिल्या. आजचा विषय त्या पंक्तीत बसणारा नाही असे सुरुवातीला वाटेल. तरी हा लांबलचक धागा शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती. वसईच्या मोहिमेचे कागद वाटेत भेटणार आहेत.

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पोस्टग्रेस्क्यूएल या मुक्तस्रोत डेटाबेसची सतरावी आवृत्ती प्रसिद्ध झाली. बर्कलीच्या विद्यापीठात १९८६ साली पोस्टग्रेस या नावाने सुरू झालेला हा प्रकल्प आज जगभर वापरला जातो आणि त्यावर काम करणारे कित्येक अभियंते आपल्या पुण्यातही आहेत. या आवृत्तीबरोबर एक लहानसा नियम बदलला. मूळ मजकुरापासून हा डेटाबेस स्वतः बांधायचा असेल, तर आता संगणकावर पर्ल ही स्क्रिप्टिंग भाषा असलीच पाहिजे. सोबत बायसन आणि फ्लेक्स ही दोन जुनी अवजारेही हवीत. आधीच्या आवृत्तीपर्यंत प्रकाशित गाठोडे उतरवून घेणाऱ्या सामान्य माणसाला यांपैकी कशाचीच गरज पडत नसे.

इतिहासाच्या विद्यार्थिनीने यात लक्ष घालावे असे काय आहे? माझ्या मते पुष्कळ आहे. हा वाद मुळात साधनचिकित्सेचा आहे. आपल्या भाषेची गंमत पाहा : राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे नाव योजले तेव्हा साधन म्हणजे अव्वल कागद, अभ्यासाचा मूळ आधार. सुताराच्या तोंडी मात्र साधन म्हणजे पटाशी आणि रंधा. मूळ मजकूर आणि तो घडवणारे अवजार या दोहोंना आपण एकच शब्द वापरतो. संगणकवाल्यांचा सगळा झगडा नेमका या दोन अर्थांमधला आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. माणूस लिहितो तो मजकूर संगणकाला थेट चालवता येत नाही. तो भाषांतरित करावा लागतो, तुकडे जोडावे लागतात, आणि या साऱ्या खटाटोपाला बांधणी म्हणतात. मोठ्या प्रकल्पांत आणखी एक पायरी असते. काही मजकूर माणूस लिहीतच नाही. एखादी याद्या वाचणारी छोटी स्क्रिप्ट तो तयार करते. पोस्टग्रेसच्या पोटात तीन हजारांहून अधिक फंक्शनांची यादी आहे. प्रत्येकाचे नाव, क्रमांक, ते काय घेते आणि काय परत देते, हे सारे एका तक्त्यात माणसाच्या हाताने लिहिलेले असते. त्या यादीवरून सी भाषेतल्या शीर्षक-फायली आणि डेटाबेसचे आरंभीचे तक्ते तयार करण्याचे काम एका स्क्रिप्टकडे आहे. पूर्वी ती साध्या शेलमध्ये लिहिलेली होती. २०१० च्या ९.० आवृत्तीपासून ती पर्लमध्ये आली आणि २०१८ च्या अकराव्या आवृत्तीत मूळ याद्याही पर्लला सहज वाचता येतील अशा रूपात मांडल्या गेल्या.

तरीही सामान्य वापरकर्त्याला पर्ल लागत नसे. कारण सोपे होते. प्रकाशनाच्या वेळी प्रकल्पाची मंडळी आपल्या संगणकावर या स्क्रिप्ट चालवत आणि त्यांतून निघालेल्या तयार फायली मूळ मजकुराच्या शेजारी ठेवून सगळे एकत्र बांधून देत. या गाठोड्याला टारबॉल म्हणतात. दप्तरखान्यात वावरलेल्यांना मी एकच शब्द सांगेन : रुमाल. म्हणजे रुमालात दोन प्रकारचे कागद होते. काही अव्वल, तर काही त्यांवरून कोणीतरी आपल्या घरी तयार करून आणलेल्या नकला. रुमाल सोडणाऱ्याला ते वेगळे ओळखू येतीलच असे नव्हते.

ही सोय दुष्टाव्याने केलेली नव्हती, हे नमूद केले पाहिजे. ती एका काळाची गरज होती. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत ‘मेक’ हे बांधणीचे अवजार लिहिले. पुढे युनिक्सच्या इतक्या परस्परविरोधी जाती निर्माण झाल्या, की एका यंत्रावर बांधले जाणारे दुसऱ्यावर अडत असे. १९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी यांचे ‘ऑटोकॉन्फ’ आले. त्याची शिस्त मला आजही विलक्षण वाटते. ज्याला बांधायचे आहे त्याच्याकडे ऑटोकॉन्फ असण्याची गरज नाही. लेखक आपल्या घरी ते चालवील आणि त्यातून निघालेली शेल स्क्रिप्ट तेवढी पाठवील. शेल तर प्रत्येक युनिक्सवर असणारच. ज्या काळी डिस्कची जागा मोजून वापरावी लागे आणि नवे अवजार बसवायला व्यवस्थापकाची मनधरणी करावी लागे, त्या काळी हा केवढा उपकार होता! लॅरी वॉल यांची पर्ल १९८७ मध्ये जन्मली होती, पण ती सर्वत्र असेल असे गृहीत धरणे त्या वेळी धाडसाचे होते.

याच धाडसावरून लिनक्सच्या कर्नलमध्ये दोनदा ठिणगी पडली. पहिली ठिणगी शतकाच्या वळणावरची. एरिक रेमंड यांनी कर्नलची जुळणी ठरवण्यासाठी सीएमएल-२ नावाची नवी व्यवस्था लिहिली, आणि ती पायथनमध्ये लिहिली. आक्षेप अनेक होते. सगळे एकदम बदलण्याची त्यांची रीतही कित्येकांना रुचली नाही. पण ‘कर्नल बांधायला पायथन कशाला?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला. अखेर २००२ मध्ये रोमन झिपेल यांची सी भाषेत लिहिलेली व्यवस्था स्वीकारली गेली आणि सीएमएल-२ इतिहासजमा झाली. दुसरी ठिणगी २००८ ची. कालमापनाचे काही स्थिरांक काढण्यासाठी कर्नलच्या २.६.२५ आवृत्तीत एक पर्ल स्क्रिप्ट आली. लहान यंत्रांसाठी लिनक्स बांधणाऱ्या रॉब लँडली यांना ते मान्य नव्हते. एका भागाकारासाठी अख्खी भाषा का बसवावी, हा त्यांचा मुद्दा. पर्ल काढून टाकणारे बदल ते वर्षानुवर्षे पाठवत राहिले. २०१३ मध्ये त्या स्क्रिप्टची जागा ‘बीसी’ या जुन्या आकडेमोडीच्या अवजाराने घेतली. पाच वर्षे एका भागाकारासाठी! पेशवाईतले हद्दीचे तंटे याहून फार वेगळे नव्हते.

आता वसईकडे वळतो. माझ्या लघुप्रबंधाचा विषय १७३९ नंतरच्या वसई प्रांतातील गावांचा महसूल असा आहे. चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे मे १७३९ मध्ये किल्ल्यातील पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. १५३४ पासूनची त्यांची सत्ता इथे संपली. त्यानंतर आगाशी, सोपारा, निर्मळ, माणिकपूर अशा गावांची मोजदाद नव्या कारभाऱ्यांनी कशी केली, हे मला पाहायचे आहे. या काळासाठी आपण सारे ज्या ग्रंथमालेवर विसंबतो ती म्हणजे गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड. १९३० च्या दशकाच्या आरंभी ते छापले गेले आणि त्यांत वसईच्या मोहिमेचे विपुल कागद आहेत. छापील, स्वच्छ, बाळबोध लिपीत. वाचायला मोडी यावी लागत नाही.

म्हणजे काय झाले? सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या दप्तरात बसून स्क्रिप्ट चालवली आणि निघालेली फाईल रुमालात ठेवून आपल्या हाती दिली. हा उपकार ऑटोकॉन्फइतकाच मोठा आहे. तो नसता तर वसई रोड स्थानकाजवळच्या दोन खोल्यांच्या घरात राहून मला हा विषय घेताही आला नसता.

परंतु मोडी शिकू लागल्यावर एक गोष्ट डोळ्यांना टोचू लागली. मोडीत ऱ्हस्व आणि दीर्घ इकार-उकार यांचा भेद पाळला जात नाही. आधी पानभर शिरोरेषा ओढायची आणि मग तिला लटकवत अक्षरे लिहीत जायचे; शब्द संपला म्हणून जागा सोडण्याची पद्धत नाही. मोडीत ‘सुत’ आणि ‘सूत’ एकच दिसतात. एक मुलगा, दुसरा धागा. बाळबोधात छापताना कोणीतरी ठरवावे लागते : इथे मुलगा आहे, इथे धागा. शब्द कुठे तुटतो हेही कोणीतरी ठरवते. बहुतेक वेळा निर्णय बरोबरच असतो, संदर्भ स्पष्ट असतो. पण तो निर्णय आहे, मूळ नाही, आणि छापील पानावर त्याची खूण राहत नाही. गावांच्या नावांत तर संदर्भाचाही आधार नसतो. कागदातले गाव आजच्या नकाशावर सापडले नाही की मला प्रश्न पडतो : गाव नाहीसे झाले, की लिप्यंतरात त्याचे नाव वेगळ्या ठिकाणी तुटले? छापील खंडाला हा प्रश्न विचारता येत नाही. तो मूळ कागदालाच विचारावा लागतो, आणि त्यासाठी मोडी हवी.

‘अगं, मोडी येत नसेल तर हा विषय घेऊ नकोस,’ असे मॅडमनी मला पहिल्याच भेटीत बजावले होते. मला ती अट जाचक वाटली होती. माझ्या वर्गातल्या काहींना ती अजूनही वाटते, आणि त्यांची तक्रार अगदी पोकळ नाही. मोडी शिकायला सवड लागते, शिकवणारे लागतात, दप्तरापर्यंत जायला पहाटेची गाडी आणि मुक्कामाचे पैसे लागतात. वसई-विरारच्या ज्या मुलाला संध्याकाळी शिकवण्या घेऊन स्वतःची फी भरायची आहे, त्याच्यासाठी ‘मूळ कागद वाचा’ हा उपदेश म्हणजे दार बंद करण्याचा सभ्य प्रकार असू शकतो. अवजाराची सक्ती नेहमी कोणाला तरी बाहेर ठेवते. कर्नलमध्ये लँडली जे म्हणत होते ते हेच.

मग पोस्टग्रेसने सक्तीचा मार्ग का पत्करला? तयार फायली रुमालात ठेवण्याची रीत काढून टाकणारा बदल पीटर आयझेनट्राउट यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये केला. कारणे रोजच्या व्यवहारातली होती. ज्यांच्याकडे ही अवजारे नाहीत असे वापरकर्ते आता विरळा उरले होते. तयार फायली सांभाळण्यासाठी बांधणीत वेगळे, किचकट नियम ठेवावे लागत. सोळाव्या आवृत्तीपासून आलेल्या मेसन या नव्या बांधणी-व्यवस्थेत त्यांना जागाच नव्हती. आणि मेसन स्वतः पायथनवर चालते, ही आणखी एक मौज. शिवाय नकला वगळल्या की रुमाल थेट भांडारातल्या मजकुरावरून बांधता येतो. कोणीही तो पुन्हा बांधून पाहावा, दोन्ही अक्षरशः सारखे निघावेत.

या शेवटच्या मुद्द्याचे मोल काय, ते पाच महिन्यांत जगाला कळले.

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक घातक बाब उघड केली. हे फ्रॉइंड पोस्टग्रेसचेच एक प्रमुख विकासक. आपल्या यंत्रावर दूरस्थ प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, एवढीच त्यांची शंका होती. तिचा माग काढत ते एक्सझेड या फायली आकुंचित करणाऱ्या सर्वपरिचित ग्रंथालयापर्यंत पोहोचले. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवलेला होता. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी काही वर्षे निष्ठेने काम करून प्रकल्पात विश्वासाचे स्थान मिळवले होते. आता ध्यान देऊन वाचा : दरवाजा उघडणारी किल्ली भांडारातल्या मजकुरात नव्हती. बांधणीशी संबंधित एका फाईलमध्ये केलेला तो फेरफार फक्त प्रकाशित रुमालात होता. अशा रुमालात तयार, दुर्बोध फायलींची गर्दी असतेच, हे सर्वांच्या अंगवळणी पडले होते. ऑटोकॉन्फच्या काळातली ती सोय! ती गर्दी कोणी वाचत नसे.

इतिहासकाराच्या भाषेत हे सरळ बनावट सनदेचे प्रकरण आहे. खऱ्या कागदांच्या रुमालात एक खोटा कागद सरकवला, आणि रुमाल दप्तरातून आला म्हणून सर्वांनी तो खरा मानला. इनामाच्या तंट्यांत असले कागद पुढे येतच. ते ओळखायला शाई, कागद, शिक्का, वळण आणि मायना पाहणारी नजर लागे.

इथे एक सावधगिरी. पोस्टग्रेसने पर्लची सक्ती केली म्हणून असा घातपात अशक्य झाला, असे कोणी म्हणू नये. एक्सझेडच्या दुष्ट मजकुराचा मोठा भाग चाचणीच्या फायलींच्या वेषात भांडारातच दडलेला होता. आणि पर्लवर तरी विश्वास का ठेवावा? तीही कोणीतरी बांधली आहे. केन टॉम्पसन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग व्याख्यानात हाच धागा टोकापर्यंत ओढला होता : भाषांतर करणारा कार्यक्रमच फितूर असेल, तर मूळ मजकूर कितीही निर्मळ असून उपयोग नाही. त्याला उत्तर म्हणून काही मंडळी कमालीच्या चिकाटीने तळापासून वर येत आहेत. ग्विक्स या प्रकल्पाने २०२३ मध्ये ३५७ बाइटांच्या एका बीजापासून सुरुवात करून पायरीपायरीने सारी अवजारे बांधत आणली. राजवाड्यांना हे आवडले असते, असे माझे मत. दप्तरांच्या शोधात गावोगाव पायपीट करणारा, १९२४ मध्ये आपल्याच पालघरच्या केळवे-माहीमची ‘महिकावतीची बखर’ छापून तिला प्रदीर्घ प्रस्तावना जोडणारा तो हट्टी माणूस ३५७ बाइटांवर तरी थांबला असता का, अशी मला शंका आहे.

मध्यम मार्गही आहे. तो तुमच्या डोळ्यांसमोर या क्षणी चालू आहे. हा धागा तुम्ही क्रोम, फायरफॉक्स किंवा अँड्रॉइडवर वाचत असाल, तर या अक्षरांची जोडणी हार्फबझ नावाचे मुक्तस्रोत ग्रंथालय करते आहे. ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ यांतला रफार आणि डोळ्याच्या पापणीसारखा दिसणारा अर्धा ऱ्य यांचा फरक त्याला कळतो. गुरुजी आणि स्वयंपाकी यांची अदलाबदल होत नाही. भारतीय लिप्यांतले कोणते चिन्ह स्वर, कोणते व्यंजन, कोणती मात्रा कुठे बसते, याचा तक्ता त्यात असतो. तो तक्ता युनिकोडच्या याद्यांवरून एक पायथन स्क्रिप्ट तयार करते. पण तयार तक्ता स्क्रिप्टच्या शेजारी भांडारातच ठेवलेला आहे. बांधणाऱ्याला पायथन नसले तरी अडत नाही. संशय आला तर युनिकोडच्या याद्या आणून स्क्रिप्ट पुन्हा चालवावी आणि तुलना करावी. प्रत्येक बदल भांडारात नोंदला जात असल्याने रात्रीतून गुपचूप काही सरकवणेही कठीण. पोस्टग्रेसनेही आपले युनिकोडचे तक्ते याच रीतीने ठेवले आहेत, हे विशेष. डाव्या पानावर मूळ मोडीचे छायाचित्र, उजव्या पानावर लिप्यंतर, अशा ग्रंथाची ही पद्धत झाली.

गेल्या जुलैत मी हा प्रयोग स्वतः करून पाहिला. अंधेरीला नोकरी करणारा माझा आतेभाऊ रविवारी घरी आला होता. बाहेर धो धो पाऊस, गाड्या बंद, वीज येत-जात. ‘अगं, रुमाल-रुमाल काय करतेस, बांधून तरी बघ,’ म्हणाला. माझ्या आठ वर्षांच्या जुन्या लॅपटॉपवर आम्ही सतराव्या आवृत्तीचा टारबॉल उतरवला. बांधणी पहिल्याच टप्प्यावर अडली : बायसन नाही. ते आणले. मग फ्लेक्स नाही. तेही आणले. पर्ल आधीपासूनच होती, मला ठाऊकही नसताना. मग पडद्यावर ओळी धावू लागल्या आणि त्यांत एके ठिकाणी याद्यांवरून फायली तयार होताना दिसल्या. दादाला त्यात काही विशेष वाटले नाही. मला मात्र दप्तरात कोणीतरी प्रथमच रुमाल सोडून आपल्यासमोर लिप्यंतर करीत असल्यासारखे वाटले. वीज जाईपर्यंत बांधणी पूर्ण झाली होती, चाचण्या राहिल्या.

प्रबंधाच्या परिशिष्टात मी आता तीन रकाने करते आहे. पहिल्यात कागदाचा रुमाल आणि क्रमांक, दुसऱ्यात मोडीतल्या अक्षरांची शब्द न तोडता केलेली नोंद, तिसऱ्यात माझे वाचन. जिथे ऱ्हस्व-दीर्घ किंवा शब्दतोड माझ्या मर्जीने ठरवली आहे, तिथे लहानशी फुली. आतापर्यंत ६३ गावनावांचे काम झाले असून त्यांपैकी १७ पुढे फुली आहे. पाने फार वाढतात, अशी मॅडमची तक्रार आहे आणि मधला रकाना गाळावा असे त्या सुचवतात. त्यावर आमचे बोलणे अजून चालू आहे. पुढच्या धाग्यात या १७ नावांपैकी काही तुमच्यापुढे ठेवीन. आगाशी-निर्मळ भागातल्या मंडळींनी आपल्या आजी-आजोबांना पाड्यांची आणि वाड्यांची जुनी नावे जरूर विचारून ठेवावीत.